बागेतल्या टाळ्या

(एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच एक खुलासा करतो. बाहेरच्या फळ्यावर खडूनं ‘कार्टूनवर व्याख्यान’ असं लिहिलेलं येताना वाचलं आणि आत आलो, तर पुढच्या दोन रांगा बालगोपाळांनी भरलेल्या. फळा लिहिणाऱ्याची काही चूक नाही. कार्टून म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंदीर-मांजरच पळायला लागतं. पण आज ज्या कार्टूनबद्दल बोलायचं आहे ते अमेरिकेत रात्री उशिरा दाखवायचे, पोरं झोपल्यावर. माझं बोलणं मुलांनी ऐकायला हरकत नाही. शेवटी एक भाग दाखवणार आहे, तेव्हा काय करायचं ते तेव्हा बघू.

मालिकेचं नाव ‘द बूनडॉक्स’. हा शब्द मूळचा फिलिपिन्सचा. तिथल्या तागालोग भाषेत ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर. तिकडे लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो उचलला आणि घरी आणला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ झाला आडरान. मालिकेत हे आडरान उलटं आहे. शिकागोच्या साउथ साइड या काळ्या वस्तीतला एक म्हातारा दोन नातवांना घेऊन वूडक्रेस्ट नावाच्या गोऱ्यांच्या श्रीमंत उपनगरात राहायला येतो. दारापुढे कापलेली हिरवळ, शेजाऱ्यांकडे कुत्रीसुद्धा इस्त्री केल्यासारखी. आजोबाला वाटतं, जन्माचं सार्थक झालं. थोरल्या नातवाला वाटतं, आपल्याला रानात आणून सोडलंय.

मी मघापासून ‘काळे’ म्हणतोय. ‘कृष्णवर्णीय’ म्हणणार नाही. ते लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात, ताठ मानेनं म्हणवतात. ‘कृष्णवर्णीय’ला उगाच देवघराचा वास येतो.

तर थोरला ह्यूई फ्रीमन, वय वर्षं दहा. कपाळावर कायम आठी. धाकटा रायली, आठ वर्षांचा, त्याला मोठेपणी गँगस्टर व्हायचंय. दोघांनाही आवाज एकाच बाईचा आहे, रेजिना किंगचा. पुढे तिला ऑस्कर मिळालं, तीच ही. आणि आजोबा रॉबर्ट. ह्यूई हे नाव ह्यूई न्यूटनवरून. १९६६ मध्ये ऑकलंडला न्यूटन आणि बॉबी सील यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी काढली, आणि त्यावरून १९७२ मध्ये आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार ही नावं या सभागृहात मी नव्यानं सांगायला नकोत. म्हणजे ह्यूई हा नात्यानं आपलाही कोणीतरी लागतो.

शेजारी एक वकील राहतो, टॉम डूबॉइस. काळा, सज्जन, बायको गोरी, कुणाला राग येऊ नये म्हणून सारखं स्वतःचं वाक्य मागे घेणारा. आडनाव मात्र डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचं. काळ्यांच्या चळवळीतला केवढा मोठा विचारवंत! १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत आहेत असं कळलं, अस्पृश्यांसाठीही तसं करता येईल का, अशी विचारणा होती, आणि डू बॉइस यांनी त्याला उत्तरही पाठवलं. तेवढं वजनदार आडनाव या भित्र्या वकिलाला चिकटवायचं, हा लेखकाचा खवचटपणा. मराठीत एखाद्या मिळमिळीत कारकुनाचं आडनाव फुले ठेवावं, तसं.

लेखक ॲरन मॅकग्रूडर. जन्म १९७४, शिकागोचा, वाढला मेरीलँडमधल्या कोलंबिया नावाच्या आखीवरेखीव उपनगरात. वूडक्रेस्ट त्यानं स्वप्नात पाहिलेलं नाही, तिथे तो शाळेत गेलाय.

आता पहिल्या भागाची सुरुवात बघा. ६ नोव्हेंबर २००५ ला तो दाखवला गेला. बागेत मेजवानी चालली आहे, सगळे गोरे, हातात ग्लास. ह्यूई माईकपाशी जातो आणि शांतपणे तीन गोष्टी सांगतो: येशू काळा होता, रोनाल्ड रेगन (त्यांचे माजी राष्ट्राध्यक्ष) सैतान होता, आणि अकरा सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांबद्दल सरकार खोटं बोलतंय. धन्यवाद. पुढच्या क्षणी बागेत दंगल. किंकाळ्या, पळापळ, टेबलं उलटी. मग फाडकन एक थोबाडीत बसते आणि ह्यूई अंथरुणात जागा होतो. स्वप्न होतं. समोर आजोबा. ते बजावतात की गोऱ्यांना खरं सांगायचं असलं काही स्वप्नातसुद्धा आणायचं नाही.

थोड्या वेळानं खरी मेजवानी येते. गावचा धनाढ्य एड वन्क्लर यजमान. ह्यूई खरोखर माईकपाशी जातो, खरोखर बोलतो. आणि काय होतं? टाळ्या. पाहुणे कौतुकानं एकमेकांकडे बघतात: किती छान बोलतो हो हा मुलगा! ह्यूईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे भाव आहेत ते मी गेली पंधरा वर्षं कागदावर काढायचा प्रयत्न करतोय, अजून जमलेले नाहीत. दंगल झाली असती तर तो जिंकला असता. टाळ्यांनी त्याला पार धुवून टाकलं.

‘छान बोलतो’ हे कौतुक नीट ऐका. जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे या भागानंतर सव्वा वर्षानं, सिनेटर जो बायडन यांनी बराक ओबामांची स्तुती करताना ते नीट बोलतात, हुशार आहेत, स्वच्छ आहेत असे शब्द वापरले आणि मग दिवसभर खुलासे करत बसले. आपल्याकडे याचं भाषांतर करायला डिक्शनरी लागत नाही. ‘तुमची भाषा किती शुद्ध आहे हो, वाटत नाही.’ काय वाटत नाही ते पुढे बोलत नाहीत. या सभागृहात हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं आहे त्यांना ते कुणी, कधी, कुठल्या जिन्यात म्हटलं तेही लक्षात असणार.

मी व्यंगचित्रं काढतो हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात काढायचो, तेव्हाची गोष्ट. एक पुढारी होते, नाव सांगत नाही. कालव्याच्या कामात त्यांनी जे काही केलं त्यावर मी त्यांना मगर काढली. साधीसुधी नाही. पोट सुटलेली, दातांत कंत्राटदाराचा बूट अडकलेला. दोन रात्री बसून काढलेली मगर. मला वाटलं, आता फोन येणार. आला. ‘मूळ चित्र मिळेल का? बंगल्याच्या हॉलमध्ये लावायचंय.’ मी दिलं. हो, दिलं, आणि पैसेही घेतले. नंतर कुणीतरी सांगितलं की पाहुणे आले की साहेब स्वतः ती मगर दाखवतात आणि पोट धरून हसतात. कालव्याला पाणी आजही येत नाही. त्यानंतर वर्षभर माझ्या हातून एकही धड रेष उतरली नाही.

तमाशात सोंगाड्या पाटलाची टर उडवतो आणि पहिल्या रांगेत बसलेला पाटीलच सगळ्यांत मोठ्यानं हसतो, वर दौलतजादा करतो. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. आपल्याला त्यात पाटलाचा दिलदारपणा दिसतो. ह्यूईला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पाटलानं तुम्हाला विकत घेतलं.

बूनडॉक्स आधी वर्तमानपत्रातली चित्रपट्टी होती. मॅकग्रूडर मेरीलँड विद्यापीठात शिकत असताना १९९६ मध्ये ती तिथल्या विद्यार्थ्यांच्या ‘डायमंडबॅक’ या दैनिकात यायला लागली आणि एप्रिल १९९९ पासून एकाच वेळी देशभरच्या दीडशेहून जास्त वर्तमानपत्रांत. रोज तीन-चार चौकटी, सकाळच्या कॉफीबरोबर. त्या काळात ही पट्टी खरोखर टोचायची. अकरा सप्टेंबरनंतरचे दिवस आठवा. अमेरिकेत घरोघरी झेंडे, विनोद करायचीच चोरी. तेव्हा ह्यूई एफबीआयला फोन लावतो: ज्या अमेरिकन लोकांनी अतिरेक्यांना पैसा आणि प्रशिक्षण दिलं त्यांची नावं मला द्यायची आहेत. पलीकडचा माणूस पेन सरसावतो. पहिलं नाव, रेगन, आणि ह्यूई स्पेलिंग सांगायला लागतो. काही वर्तमानपत्रांनी पट्टी उचलून ठेवली. मग मॅकग्रूडरनं काय केलं? काही दिवस ह्यूईला रजा दिली आणि त्याच्या जागी एक बोलका झेंडा आणि एक बोलकी फीत आणली. दोघं चौकटीत उभे राहून देशभक्तीच्या गोड गोड गप्पा मारतात. घ्या, छापा!

त्याच नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ह्यूई जेवणाआधी प्रार्थना म्हणतो. देवाचे आभार मानतो की आपला नेता तेलाच्या पैशांवर वाढलेला, बड्या राजकारण्याचा लाडावलेला मुलगा नाही, धर्मवेड्यांच्या पाठिंब्यावर उभा नाही, निवडणुकीला जुमानत नाही असाही नाही, निरपराधांवर बॉम्ब टाकत नाही. वाक्य सुरू होतं बिन लादेनच्या नावानं, आणि ऐकणाऱ्याला हळूहळू कळतं की हे वर्णन व्हाइट हाउसमधल्या बुशचंही आहे. एका वाक्यात दोन माणसं एकाच कोटात बसवायची! ही कारागिरी आहे. शिंप्याला दाखवण्यासारखी.

२००३ च्या शेवटी या मॅकग्रूडरला न्यूयॉर्कमध्ये ‘द नेशन’ या जुन्या डाव्या साप्ताहिकाच्या मेजवानीत बोलावलं. सगळे पुरोगामी, सगळे त्याचे चाहते. म्हणजे बाग तीच, ग्लास तेच. यानं तिथे जाऊन सांगितलं की २००० च्या निवडणुकीत मी राल्फ नेडरला, म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांबाहेरच्या उमेदवाराला, मत दिलं. नेडरमुळेच बुश निवडून आला असं त्या खोलीतल्या बहुतेकांचं ठाम मत. झालं, आरडाओरडा सुरू. तेव्हा त्याला दंगल मिळाली. बुशला सैतान म्हणा, टाळ्या. तुमच्यातल्याच माणसाचं एक मत दुसरीकडे गेलं म्हणा, की ग्लास आपटतात. टाळी कुठे संपते ते शोधायचं असेल तर ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या खिशापर्यंत जावं लागतं.

मला वाटतं, टीव्हीवर येताना त्यानं म्हणूनच रोख बदलला. मालिकेतले गोरे बहुतेक वेळा नुसते हसरे, श्रीमंत आणि बेफिकीर असतात. खरा आसूड ओढलाय तो स्वतःच्या माणसांवर.

माझ्या अमेरिकेत शिकायला गेलेल्या भाच्यानं सुट्टीत येताना ही मालिका हार्ड डिस्कवर भरून आणली होती. आम्ही दोघं सोफ्यावर बसून बघत होतो. पडद्यावर अंकल रकस. हा मालिकेतला सर्वांत घाबरवणारा माणूस. जाडजूड, काळाकुट्ट, एक डोळा बटाट्यासारखा बाहेर आलेला. कुठल्याही भागात बघा, तो वेगळ्याच नोकरीत: कधी शाळेची बस चालवतो, कधी झाडू मारतो. नाव विचारलं तर सांगतो, ‘अंकल रकस, नो रिलेशन’. नातं नाही. कुणाशी नाही, तेच कळत नाही. आणि हा काळ्यांचा जो द्वेष करतो तो कुठल्याही गोऱ्याला जमणार नाही. आपण मुळात गोरेच आहोत असं त्याचं म्हणणं आहे. मायकल जॅक्सनला झाला त्याच्या उलटा रोग आपल्याला झालाय, म्हणून कातडी काळी पडली.

भाचा हसून हसून लोळत होता. ताई पोहे घेऊन आली, ताटली हातात घेऊन दोन मिनिटं उभी राहिली. विचारलंन, ‘हा म्हातारा स्वतःच काळा आहे ना? मग असं का बोलतोय?’ आम्ही समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, ‘समजलं. असतो की असा एकेक, प्रत्येक गावात,’ आणि आत गेली. भाच्याचं हसणं थांबलं. ताईचं लग्न जमत नव्हतं तेव्हा आमच्या आजीनं, जी स्वतः तव्यासारखी काळी होती, तिला साय आणि हळद चोळून चोळून अंघोळी घातल्यात. आत्याच्या पत्रात ‘गव्हाळ लिहा, सावळी नको’ अशी सूचना असायची. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. सगळे मायेची माणसं.

पुढे तिसऱ्या पर्वात रकसची जन्मकथा येते. बापाचा मार आणि आईची एक थाप: तू आमचा नाहीस, गोऱ्यांचं दत्तक घेतलेलं पोर आहेस. आई हे प्रेमानं सांगते, पोराला जगायला काहीतरी आधार हवा म्हणून. तो भाग बघितल्यावर रकसवर हसणं मला तरी कठीण गेलं. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात त्याला स्वर्ग दिसतो आणि तिथे स्वागताला रेगन. गोऱ्यांचा स्वर्ग वेगळा, पण आपल्या काळेपणाचा मनापासून तिरस्कार केलास तर तुलाही आत घेऊ. रकस खाली येऊन याचं प्रवचन सुरू करतो आणि लोक, काळे लोकसुद्धा, गर्दी करतात.

आता या मालिकेतला जो भाग सगळ्यांनी बघावा असं मला वाटतं, त्याकडे येतो. पहिल्या पर्वातला नववा, ‘रिटर्न ऑफ द किंग’. १५ जानेवारी २००६ ला दाखवला. मार्टिन ल्यूथर किंगचा तो जन्मदिवस.

कल्पना अशी की १९६८ मध्ये मेम्फिसला गोळी लागली, पण किंग मेले नाहीत, कोमात गेले. बत्तीस वर्षांनी, २००० मध्ये, जागे झाले. सगळा देश आनंदानं वेडा. ते मत द्यायला जातात तर केंद्रावर घोळ होऊन मत देताच येत नाही. ज्यांच्यामुळे काळ्यांना दक्षिणेत मत देता यायला लागलं त्यांनाच परत पाठवतात, आणि हे त्या वर्षी, जेव्हा फ्लोरिडातल्या मतमोजणीच्या घोळावर अख्खी निवडणूक लटकली होती. मग येतो अकरा सप्टेंबर. टीव्हीवर कुणीतरी विचारतं, आता काय करावं? किंग म्हणतात ते आयुष्यभर म्हणत आले तेच. ख्रिस्ती माणसानं दुसरा गाल पुढे करावा, शत्रूवर प्रेम करावं. एका रात्रीत ते देशद्रोही ठरतात.

ही निव्वळ कल्पना नाही, बरं का. ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेखांतून त्यांना झोडपलं होतं. बरोबर एक वर्षानं, त्याच तारखेला, गोळी. आज ज्यांच्या नावाची सुट्टी असते त्यांचा शेवटचा काळ असा एकटेपणात गेला. १९५९ मध्ये ते भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते. केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले आपले अस्पृश्य बंधू’ अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग विचार करून त्यांनी मनाशी कबूल केलं की हो, आहे मी अस्पृश्य. ही गोष्ट त्यांनी स्वतःच नंतर एका प्रवचनात सांगितली. अमेरिकेतली आणि आपल्याकडची जखम एका घरची आहे हे त्यांना कळलेलं होतं. महात्मा फुल्यांना तर १८७३ मध्येच कळलं होतं. ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली आहे ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

परत मालिकेकडे. ह्यूई म्हाताऱ्या किंगना म्हणतो, चला, पक्ष काढू. जाहिरात होते, आणि सभेचा होतो तमाशा. तमाशा म्हणजे आपला अस्सल तमाशा नव्हे, बिघडलेली वरात. दारात धक्काबुक्की, आत नाचगाणी, व्यासपीठावर कुणीही चढतंय. किंग बोलायला उभे राहतात. शांत बसा म्हणून विनवतात. कुणी ऐकत नाही. आणि मग तो पवित्र, मखरातला माणूस तोंड सोडतो. काळ्यांना हिणवणारा तोच शब्द वापरतो जो गोऱ्याच्या तोंडून आला तर खून पडतील. यासाठी मी एवढा मार खाल्ला? असं विचारतो. काळ्यांसाठी म्हणून काढलेल्या टीव्ही वाहिनीची बिनपाण्यानं हजामत करतो. मला पलीकडचा किनारा दिसला होता म्हणायचो, आता काय दिसतंय ते बघितलं, मी कॅनडाला चाललो, म्हणतो. आणि जातो.

दुसऱ्या दिवशी लोक जागे होतात. वाहिनीचा प्रमुख माफी मागतो. व्हाइट हाउसपुढे गर्दी. इराकमधून सैन्य माघारी येईपर्यंत बास्केटबॉलचे खेळाडू मैदानात उतरायला नकार देतात. शेवटी २०२० सालचं वर्तमानपत्र: किंग यांचं व्हँकूव्हरला एक्क्याण्णवाव्या वर्षी निधन, आणि ओप्रा विन्फ्री राष्ट्राध्यक्ष. ह्यूईचा आवाज येतो की स्वप्न बघायला मजा येते.

आता खरं २०२० आठवा. ऑगस्टमध्ये, केनोशा गावात पोलिसांनी जेकब ब्लेक या काळ्या माणसाला पाठीत गोळ्या घातल्यानंतर, मिलवॉकी बक्स हा बास्केटबॉलचा संघ प्लेऑफचा सामना खेळायला बाहेरच आला नाही. त्या दिवशीचे बाकीचे सामनेही थांबले. कारण वेगळं, पण मैदानं रिकामीच. मी बातमी वाचली आणि भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, वर्षसुद्धा तेच.’

या भागावर काळ्यांचे एक पुढारी, रेव्हरंड अल शार्प्टन, चिडले. किंगच्या तोंडी तो शब्द घातला म्हणून माफी मागा म्हणाले. दुसऱ्या बाजूला याच भागाला टीव्ही-रेडिओतला मानाचा पीबडी पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार मॅकग्रूडरला कसा वाटला असेल, मला शंका आहे. बागेतल्याच टाळ्या त्याही.

इथे एक अवघड प्रश्न मी टाळणार नाही. घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडलं की शेजारीही बघतात. रकसवर काळा प्रेक्षक हसतो तेव्हा त्याला आपला एखादा काका दिसत असतो. गोरा प्रेक्षक हसतो तेव्हा त्याला काय दिसतं? त्याच २००५ मध्ये डेव्ह शपेल हा काळा विनोदकार, त्याचा कार्यक्रम ऐन भरात असताना, कोट्यवधी डॉलर सोडून निघून गेला. नंतर त्यानं सांगितलं की एका प्रहसनाच्या चित्रीकरणात एक गोरा माणूस हसला आणि ते हसणं त्याला खटकलं. एक हसणं, बस्स. मॅकग्रूडर थांबला नाही. कोण बरोबर? माझी सहानुभूती शपेलकडे आहे आणि माझं मत मॅकग्रूडरला. घरातलं घाण पाणी शेजाऱ्यांच्या भीतीनं तुंबवून ठेवलं की डास घरातच होतात.

पण हे मी सोफ्यावर बसून म्हणू शकतो. भाच्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल. ‘सिम्पसन्स’ या कार्टूनमध्ये १९९० पासून अपू नावाचा एक भारतीय दुकानदार आहे. त्याचे उच्चार ऐकून आपल्यालाही हसू येतं, कारण असं कुणीच बोलत नाही. आवाज गोऱ्या नटाचा, हँक अझारियाचा. भाच्याला वसतिगृहात पहिलं वर्षभर तीच हाक होती. तो तेव्हा हसून साजरं करायचा. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदकारानं अपूवर माहितीपट काढला, वाद झाला, आणि २०२० मध्ये अझारियानं तो आवाज सोडला. रकसवर लोळून हसणारा भाचा अपूवर मात्र हसत नाही. मी त्याला एकदा डिवचलं तर म्हणाला, ‘रकस त्यांनी स्वतः काढलाय. अपू आम्हाला कुणी विचारून काढला?’

ताज्या घडामोडींचा मुद्दा राहिला, तो पटकन उरकतो. ‘साउथ पार्क’ या दुसऱ्या कार्टूनची मंडळी सहा दिवसांत एक भाग बनवतात. ओबामा निवडून आले त्याच्या दुसऱ्या रात्री, ५ नोव्हेंबर २००८ ला, त्यांचा भाग तयार होता. वंशाबद्दल ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोघा गोऱ्या लेखकांनी केलेली सर्वांत प्रामाणिक गोष्ट मला वाटते ती २००७ मधली. गोरा पोरगा काळ्या वर्गमित्राला सारखा सांगत सुटतो, ‘मला समजलं, मला समजलं.’ शेवटी हात टेकून म्हणतो, ‘मला समजतच नाही.’ तेव्हा तो मित्र म्हणतो, आता समजलं तुला. बूनडॉक्सचं चित्रण कोरियात व्हायचं, सुबक, जपानी धाटणीचं, एकेक भागाला कित्येक महिने. त्यामुळे कालची बातमी त्यांना परवडतच नव्हती. जी बातमी शिळी होत नाही तीच घ्यायची.

उदाहरणार्थ गायक आर. केली. दुसऱ्याच भागात, नोव्हेंबर २००५ मध्ये, त्याचा खटला. अल्पवयीन मुलीच्या छळाचा आरोप, सरकारी वकील आपला टॉम डूबॉइस, आणि कोर्टाबाहेर चाहत्यांची जत्रा. ह्यूई बाकावर उभा राहून सगळ्यांना फैलावर घेतो: गाणं आवडतं म्हणून पोरीला वाऱ्यावर सोडायचं? क्षणभर कोर्ट चिडीचूप. मग केली गाणं लावतो आणि न्यायाधीशासकट सगळे नाचायला लागतात. खऱ्या खटल्यात जून २००८ मध्ये तो निर्दोष सुटला. दोषी ठरला २०२१ मध्ये, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या खटल्यात; पुढच्या वर्षी तीस वर्षांची शिक्षा. मधल्या सोळा वर्षांत तो भाग यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यांनी फिरत होता आणि लोक हसत होते. मीही.

चार पर्वं झाली, पंचावन्न भाग. २०१४ चं चौथं मॅकग्रूडरशिवाय काढलं. नाही बघितलं तरी चालेल. चित्रं तीच, आवाज तेच, ह्यूईच्या कपाळावरची आठी पण तीच, फक्त ती कशामुळे पडली हे काढणाऱ्याला माहीत नाही. आजोबांचा आवाज देणारे जॉन विदरस्पून २०१९ मध्ये गेले. मालिका नव्यानं काढायची घोषणा झाली होती, तीही बारगळली.

तर आता दिवे घालवून किंगचा भाग लावतो. बावीस मिनिटांचा आहे, खाली इंग्रजी अक्षरं आहेत, अडेल तिथे मी थांबवून सांगेन. शिव्या भरपूर आहेत, आणि त्या मार्टिन ल्यूथर किंगच्या तोंडी आहेत, तेव्हा पुढच्या दोन रांगांनी आता उठायचं. पलीकडच्या खोलीत चहा आणि बिस्किटं ठेवली आहेत. निळ्या स्वेटरमधला तो मुलगा मघापासून मान हलवतोय. नाही बेटा, तूसुद्धा.